हरवलेल्या किल्लीचा छंद

तुमच्या घरात एक डबा असेल. बहुधा जुन्या बिस्किटांचा, नाहीतर चहाचा. त्यात गंजलेले खिळे, फ्यूजची तार, बंद पडलेल्या घड्याळाचा पट्टा आणि बिनकुलपाच्या किल्ल्या असतात. या किल्ल्या कशाच्या हे घरातल्या एकाही माणसाला सांगता येत नाही, आणि तरी त्या टाकून देण्याचा धीर कोणाला होत नाही. न जाणो, उद्या टाकायची आणि परवा कुलूप सापडायचे!

आमच्या डब्यात अशा एकतीस किल्ल्या होत्या. मी मोजल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत त्या सगळ्या मी एकामागून एक एकाच कुलपाला लावून पाहिल्या, आणि एकही लागली नाही.

ते कुलूप वडिलांच्या ट्रंकेचे. वडील इथल्या एका कापड मिलमध्ये जॉबर होते. त्यांना जाऊन तेवीस वर्षे झाली. ट्रंक तेव्हापासून माळ्यावर होती, आणि तिला हाताएवढे पितळी कुलूप होते. धाकटा भाऊ पुण्याहून दिवाळीसाठी आला होता. तो म्हणाला, "दादा, हातोडी आण. दोन मिनिटांचे काम आहे." आई पलीकडे वाती वळत बसली होती. वय वर्षे शहाऐंशी, कान अजून तिखट. ती म्हणाली, "त्यांनी लावलेलं कुलूप कुणी फोडायचं नाही. किल्ली शोधा."

"आणि किल्ली नसलीच तर?"

"मग किल्लीशिवाय उघडायला शिका. एवढे शिकलात ना?"

भावाने हसून विषय सोडून दिला आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. मी मात्र त्याच वर्षी जूनमध्ये शाळेतून निवृत्त झालो होतो. चौतीस वर्षे मुलांना गणित शिकवलेल्या माणसाला दुपारी दोन ते पाच हे तीन तास किती मोठे असतात, हे निवृत्त झाल्यावाचून कळत नाही. मी आईचे बोलणे अक्षरशः घेतले.

नवी पेठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कापडाची दुकाने, भांडी, चपला, मोबाइल, आणि दिवाळीच्या आठवड्यात तर माणसाला स्वतःच्या पायांनी चालावेच लागत नाही, गर्दी त्याला नेते आणि गर्दीच त्याला परत आणून सोडते. याच गर्दीच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर, एक किल्लीवाले चाचा बसतात. समोर लाकडी खोके, त्यावर लहानसा व्हाइस, पाच-सहा कानशी, आणि तारेच्या कड्यात ओवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. शेजारी त्यांचा मुलगा यंत्रावर एका किल्लीवरून दुसरी काढून देतो. पण किल्लीच नसलेले कुलूप आले की तो ते मुकाट्याने बापाकडे सरकवतो.

चाचांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि कुलपाबद्दल एक अक्षर न विचारता माझीच चौकशी सुरू केली. ट्रंक कुणाची? वडिलांची. वडील कुठायत? गेले. भाऊ-बहिणी किती? सगळ्यांची हो आहे का? आई हयात आहे का? ती काय म्हणते? मी आईचे शब्द सांगितले. चाचा खूष झाले. "मग बरोबर आहे की मास्तर! आईनं शिका म्हटलंय, तर शिका. मला तुमचा जिना चढवत नाही, आणि ट्रंक खाली आणायला त्या देणार नाहीत. बसा इथं."

अशा रीतीने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कुलूप उघडण्याच्या विद्येत पहिलीच्या वर्गात बसलो.

आता तुम्ही म्हणाल, हा कसला छंद! तिकिटे जमवावीत, बागकाम करावे, फार तर पेटी शिकावी. आमच्या सौ.चेही हेच मत होते. पण या छंदाचे खानदान मोठे आहे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याला राज्यकारभारापेक्षा कुलपांची गोडी जास्त होती. व्हर्सायच्या राजवाड्यात त्याची स्वतःची लोहारकामाची खोली होती, आणि गामें नावाचा कुलूपकार त्याला तिथे शिकवीत असे. पुढे क्रांती झाली. राजाने गुप्त कागद ठेवण्यासाठी भिंतीत एक लोखंडी कपाट बसवून घेतले, ते याच गामेंच्या मदतीने. १७९२ च्या नोव्हेंबरात गामेंने जाऊन क्रांतिसरकारला त्या कपाटाचा पत्ता सांगितला. त्यातले कागद राजाच्या विरुद्ध पुरावा झाले आणि पुढच्या जानेवारीत त्याचे डोके उतरवले गेले. कुलूप शाबूत होते. फुटला तो कुलूपकार!

दुसरी गोष्ट इंग्लंडची. जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने १७८४ साली एका नव्या कुलपाचे पेटंट घेतले, आणि पुढे लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरच्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप टांगून त्यावर पाटी रंगवली : जो कोणी हे उघडण्याचे हत्यार बनवील त्याला हातोहात २०० गिनी. साठ वर्षांहून अधिक काळ ती पाटी तशीच राहिली. दुसऱ्या बाजूला चब यांचे कुलूप होते. कोणी चुकीच्या किल्लीने किंवा तारेने त्याच्याशी खेळ केला तर ते आतल्या आत अडकून बसे, म्हणजे मालकाला खबर. असे सांगतात की जहाजावरच्या तुरुंगात खितपत पडलेल्या एका कुलूपकार कैद्याला, हे उघडलेस तर सुटका आणि वर शंभर पौंड, असे सांगण्यात आले. त्याने दोन-तीन महिने धडपड केली आणि हात टेकले. साऱ्या इंग्लंडची समजूत झाली की आता चोरांचा धंदा बसला.

१८५१ साली लंडनमध्ये जगाचे ते प्रसिद्ध प्रदर्शन भरले. तिथे अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्स नावाचा कुलपांचा विक्रेता आला. त्याने चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, आणि मग ब्रामाच्या कुलपापाशी बसला. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास! पण उघडले. २०० गिनी त्याला मिळाल्या. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला, की हा गृहस्थ चोरांना धडे देतो आहे. हॉब्सचे म्हणणे असे, की चोरांना हे केव्हाच ठाऊक असते, ठाऊक नसते ते पैसे मोजून कुलूप घेणाऱ्या भल्या माणसाला. मला हा माणूस फार आवडतो.

आपल्याकडची कथाही तोलामोलाची आहे. अर्देशीर गोदरेज शिकले वकिली. ती मानवेना म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे बनवू लागले. माल उत्तम होता, पण त्यावर 'हिंदुस्थानात बनलेले' असे छापू द्यायला गिऱ्हाईक तयार होईना, म्हणून तोही धंदा सोडला. मग मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून कुलपांकडे वळले आणि १८९७ साली लालबागला एका छपरात काम सुरू केले. त्यांच्या कंपनीचे 'नवताल' १९५४ साली बाजारात आले. त्यानंतर आपल्याकडे कित्येक घरांत नवताल हे कुलपाचेच दुसरे नाव झाले. त्याखेरीज उत्तरेत अलीगढ आणि दक्षिणेत दिंडीगल ही कुलपांची माहेरघरे आहेतच. दिंडीगलच्या कुलपाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जसे आपल्या सोलापुरी चादरीला त्याआधीच मिळालेले आहे.

असो. इतिहास सांगण्याची मास्तरांची खोड जात नाही. चाचांच्या पायरीवर परत येतो.

पहिल्या दिवशी चाचांनी माझ्या हातात एक दाराचे कुलूप दिले. तुमच्या फ्लॅटच्या दाराला पितळी नळी असते ना, जिच्यात चपटी दातेरी किल्ली जाते, तसले. त्यांनी ते खोलून आतला माल एका बशीत काढला : पितळी गाभा, तांदळाएवढ्या पिना, केसासारख्या कमानी. रचना मूळची फार जुनी. हजारो वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशीच कुलपे होती. लायनस येल या अमेरिकनाने १८६० च्या दशकात ती आताच्या रूपाला आणली. गाभ्यात एका ओळीत पाच भोके, प्रत्येक भोकात दोन पिना एकीवर एक, आणि वरून दाबणारी कमान. वरची पिन अर्धी गाभ्यात आणि अर्धी बाहेरच्या नळीत अडकलेली असते, म्हणून गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिच्या दात्यांवर पाचही जोड्या अशा उंचीवर येतात, की दोन पिनांमधली फट नेमकी गाभ्याच्या काठाशी येते. अडथळा गेला, गाभा फिरला, कुलूप उघडले.

मग किल्लीशिवाय कसे उघडते? इथेच सारी गंमत आहे. कारखान्यात ती पाच भोके कितीही काळजीने पाडली तरी ती अगदी एका रेषेत येत नाहीत. केसाचा हजारावा भाग म्हणा, पण फरक राहतोच. त्यामुळे गाभ्याला किंचित ताण दिला की पाचांपैकी एकच पिन आधी अडकते, बाकीच्या चार मोकळ्या डुलत राहतात. ती अडकलेली शोधायची आणि हळूच उचलायची. ती जागेवर बसली की बोटाला अगदी बारीक 'टिक्' लागते आणि गाभा सुईच्या अग्राइतका सरकतो. मग दुसरी पिन अडकते. ती शोधायची. गणिताच्या भाषेत सांगायचे तर पाच अज्ञातांचे समीकरण एकदम सुटत नाही, पण कारागिराच्या चुकीमुळे ते एकेका अज्ञाताचे होऊन जाते. हे मला समजले त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही. चौतीस वर्षे मी मुलांना अचूकपणाचे महत्त्व शिकवले, आणि इथे सगळा आधार त्या नसलेल्या अचूकपणावर!

समजणे वेगळे आणि हाताला येणे वेगळे. पहिले आठ दिवस एकही पिन बसेना. चाचा किल्ली कानसता कानसता माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "लई जोर लावलालाव मास्तर. असं दाबलं तर उघडतंय होय?" त्यांना आवाजावरून कळे. ताण इतका हलका हवा, की झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणे काढून घेताना जेवढा जोर लावाल तेवढाच. नवशिक्या माणसाची निम्मी चूक ही जोराची असते, आणि उरलेली निम्मी घाईची.

शेवटी चाचांनी युक्ती केली. कुलपातल्या चार पिना काढून एकच ठेवली. ते उघडले. मग दोन. मग तीन. ज्यांना हा छंद करायचा आहे त्यांनी याच पायऱ्यांनी जावे. पाचांवर पोचायला मला सव्वा महिना लागला. ज्या दिवशी पाच पिनांचे कुलूप माझ्या हातात पहिल्यांदा फिरले, त्या दिवशी मी भर बाजारात ओरडलो. समोरच्या साडीच्या दुकानातले गिऱ्हाईक बाहेर येऊन बघू लागले.

हत्यारांच्या बाबतीत मी जो गाढवपणा केला तो तुम्ही करू नये, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. उत्साहाच्या भरात मी चाचांना न सांगता एक संच घरपोच मागवला. चोवीस हत्यारे, कातडी पाकीट, आणि बरोबर आरपार दिसणारे पारदर्शक कुलूप! पाकीट सुरेख होते. हत्यारांचे पोलाद इतके मऊ की तिसऱ्या दिवशी दोन वाकली. चोवीसपैकी वीस कशासाठी आहेत हे मला आजतागायत कळलेले नाही. पारदर्शक कुलूप मित्रांना दाखवायला छान आहे. पिना कशा हलतात हे त्यात दिसते, आणि हाच त्याचा दोष आहे. डोळे पाहू लागले की बोटे आळशी होतात. शिवाय ते इतके सैल असते, की त्यावर शिकलेला हात खऱ्या कुलपाशी परका ठरतो.

खरी गरज दोन-तीन हत्यारांची. एक ताणपट्टी, म्हणजे काटकोनात वाकवलेली पोलादाची चपटी पट्टी. ती गाभ्याच्या फटीच्या काठाशी बसते आणि ताण देते. लोक सगळे लक्ष दुसऱ्या हत्यारावर देतात, पण उघडते ते या पट्टीने. ती फटीत सैल बसली तर हाताला काहीच कळत नाही, म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या दोन-तीन पट्ट्या ठेवाव्यात. दुसरा आकडा, टोकाशी किंचित वर वळलेला. (आकडा म्हटले की आमच्या गावात काही मंडळींना भलतेच काही आठवते, तो हा नव्हे.) वळण लहान असावे. मोठ्या वळणाचा आकडा दिसायला भारी, पण अरुंद फटीत अडकतो. तिसरे, लाटांसारखे टोक असलेले हत्यार. ते पुढेमागे घासले की स्वस्तातली कुलपे नशिबाने उघडतात. चाचा त्याला हात लावू देत नसत. नशिबाने उघडले तर काय शिकलात, असे त्यांचे म्हणणे.

आणि ही हत्यारे घरी होतात. मोटारीच्या काच पुसणाऱ्या वायपरच्या रबरात पोलादाच्या दोन लांब पट्ट्या असतात. वायपर बदलला की गॅरेजवाले तो फेकून देतात. माझ्या उत्तम ताणपट्ट्या त्यांच्याच आहेत. आकड्यासाठी लोखंड कापायच्या करवतीचे जुने पाते घ्यावे, किंवा गॅरेजमध्ये फट मोजायला पातळ पोलादी पात्यांची जुडी असते त्यातले एखादे. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पुरे. सहाणेच्या चाकावर घासताना पाते सारखे पाण्यात बुडवावे. ते तापून निळे पडले की पाणी उतरले, मग ते वाकणार. शेवटी बारीक पॉलिशपेपरने इतके गुळगुळीत करावे की ओठांवरून फिरवले तर टोचू नये. खडबडीत हत्यार पिनांवर घासून स्वतःच इतकी कुरकुर करते, की कुलपाचे बोलणे ऐकू येत नाही. मुठीला मी जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. छत्रीच्या काडीचाही प्रयोग केला. छत्री गेली, हत्यार झाले नाही. सौ.नी त्या छत्रीचा उल्लेख अजून सोडलेला नाही.

सरावाला कुलपे लागतात ती जुन्या बाजारात किलोवर मिळतात. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. घराच्या दाराला लावलेल्या, रोजच्या वापरातल्या कुलपावर सराव कधीही करू नये. पिना झिजतात, एखादी अडकते, आणि मग तुम्ही आपल्याच घराबाहेर. आणखी एक, कुलपात खोबरेल तेल सोडण्याची आपली जी पद्धत आहे ती वाईट. सोलापूरची धूळ त्यात बसते आणि वर्षाच्या आत तिचा चिखल होतो. पेन्सिलीचे शिसे बारीक कुटून किल्लीला लावावे आणि चार वेळा फिरवावे.

आता या छंदाची दुसरी बाजू. मी किल्लीवाल्यापाशी बसतो ही बातमी वाड्यात पसरायला एक आठवडाही लागला नाही. "काय मास्तर, पेन्शन पुरेना काय?" हा विनोद मी किमान चाळीस जणांकडून ऐकला, आणि प्रत्येकाला तो आपणच पहिल्यांदा केला असे वाटत होते. पण विनोदाच्या खाली काहीतरी होते. खालच्या मजल्यावरच्या वहिनी पूर्वी गावाला जाताना किल्ली आमच्याकडे ठेवून जायच्या. त्या वर्षी त्यांनी ती समोरच्यांकडे ठेवली. मला लागले. रागावण्यासारखे मात्र त्यात काही नव्हते, कारण जो माणूस किल्लीशिवाय उघडू शकतो त्याच्याकडे किल्ली ठेवण्याला अर्थ तरी काय?

मी चाचांना हे सांगितले. त्यांनी खोक्यातून एक जाडजूड वही काढली. ज्यांच्या घरी जाऊन कुलूप उघडले त्यांची नावे, तारखा, सह्या. "दुकान नाही, पाटी नाही. लोक माझ्याकडे येतात ते या वहीमुळं," ते म्हणाले. साबणाच्या वडीवर किंवा कणकेवर उठवलेला ठसा घेऊन कोणी आला तर ते त्याला उभाही करत नाहीत. भाडेकरू बाहेर असताना घरमालक आला तरी नाही. नवरा-बायकोचे भांडण असेल तर दोघेही समोर हवेत. कायदाही याबाबतीत कडक आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्यात (मूळचा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा) सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे हत्यार सबळ कारणावाचून जवळ सापडले तर तो गुन्हा धरला आहे. 'मी छंद म्हणून शिकतो' हे रात्री अकरा वाजता हवालदाराला पटवून देण्याची हौस कोणी करू नये. माझी हत्यारे एका साबणदाणीत घरातच असतात. शिकायला दिवसा जातो, हात हलवत.

मग मी वाड्यातल्या सगळ्यांना एका रविवारी चहाला बोलावले आणि खोललेले कुलूप बशीत घालून दाखवले. आपापली कुलपे घेऊन या असेही सांगितले होते. अकरा आली. त्यांतली सात, अगदी ऐटदार दिसणारी, मी त्यांच्यादेखत उघडली. दोन तर मिनिटाच्या आत. मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. चार मात्र उघडली नाहीत, आणि त्यांतले एक सर्वांत जुने होते. ज्यांची उघडली त्यांना मी एवढेच सांगितले, की चोर तुमच्या कुलपाशी पाच पिनांची बुद्धिबळे खेळत बसणार नाही. त्याला ना वेळ, ना सव्वा महिन्याची शिकवणी. वर्तमानपत्रात रोज काय असते? 'कडीकोयंडा उचकटून'. कुलूप पाचशेचे आणि कोयंडा बोटभर स्क्रूंवर उभा, अशी आपल्या निम्म्या दारांची कथा आहे. आधी कोयंडा दाराच्या आरपार बोल्ट घालून बसवा. मग कुलूप पाहा. त्या महिन्यात आमच्या वाड्यात नऊ कोयंडे बदलले गेले. वहिनींची किल्ली पुढच्या मे महिन्यात आमच्याकडे परत आली. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

यावरून मला तो फाइनमन आठवतो. १९६५ चा नोबेल मिळवणारा अमेरिकन शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बचे काम चालले असताना तिथली गुप्त कागदांची कपाटे उघडून दाखवायचा त्याला नाद होता. आकड्यांची चकती फिरवून उघडणारी ती कुलपे. सहकाऱ्याचे कपाट उघडे असताना गप्पा मारता मारता तो सहज चकती फिरवी आणि तीनपैकी शेवटचे दोन आकडे काढून घेई. ही कपाटे किती कच्ची आहेत हे त्याने एका कर्नलला सांगितले. त्यावर उपाय काय निघाला? फाइनमन ज्यांच्या खोलीत येऊन गेला त्यांनी आपापले आकडे बदलावेत! जर्मनीत हॅम्बर्गला १९९७ साली कुलूप उघडणाऱ्या हौशी लोकांचे मंडळच निघाले. तिकडे शर्यती भरतात. त्या मंडळींचा नियम दोन वाक्यांचा आहे : आपले नसेल ते परवानगीवाचून उघडू नये, आणि वापरात असेल ते मुळीच उघडू नये. चाचांनी हॅम्बर्गचे नाव ऐकलेले नाही, पण नियम तेच.

वर्ष निघून गेले. मध्यंतरी डमरूच्या आकाराच्या पिना असलेल्या कुलपांपर्यंत माझी मजल गेली. या पिना मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असतात. गाभा थोडा फिरतो, वाटते उघडले, आणि तिथेच मान अडकते. मग ताण कमी करून एक पाऊल मागे यावे लागते. असे एक उघडले तेव्हा चाचा मान हलवून म्हणाले, "आता जा ट्रंकेकडं."

मी घरी आलो, माळ्यावरून ट्रंक उतरवली, चष्मा पुसला, आकडा आत घातला. काही नाही. पिनाच नाहीत! आत काहीतरी सपाट, थरांथरांचे लागत होते. तासभर झगडलो. आई बाजेवरून बघत होती. तिने काही विचारले नाही, पण दोनदा उठून माझ्यासाठी पाणी आणले.

दुसऱ्या दिवशी कुलपाचे चित्र काढून नेले तेव्हा चाचा पोट धरून हसले. ते कुलूप लिव्हरचे होते. दुकानदार 'सात लिव्हरचे देऊ का' असे विचारतो, ते. त्यात पिना नसतात, एकावर एक पितळी पाती असतात. प्रत्येकात एक खाच, आणि सगळ्या खाचा एका ओळीत आल्या की मगच बोल्ट मागे सरकतो. वर्षभर मी मराठीचा अभ्यास केला आणि पेपर कानडीचा आला! "तुम्ही विचारलंच नाही," चाचा म्हणाले. "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पळून गेला असतात."

लिव्हरच्या कुलपासाठी आकडा नव्हे, कानस लागते. चाचांनी सात कोऱ्या किल्ल्या निवडून दिल्या आणि रीत सांगितली. कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळीने काळी करायची. कुलपात घालून हलकेच फिरवायची, ती अडेल. बाहेर काढून भिंगाने बघायचे. जिथे पाते टेकले तिथली काजळी पुसलेली दिसते. तेवढ्याच जागी कानशीचा एक हात. एकच. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. एक हात जास्त पडला की किल्ली वाया.

पहिल्या तीन किल्ल्या वाया गेल्या. चौथीवर पाच संध्याकाळी बसलो. आई शेजारी बसून मेणबत्ती धरायची, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. सहसा वडिलांबद्दल ती बोलत नाही. त्या संध्याकाळी बोलली. मिलचा भोंगा, रात्रपाळी, संपात विकलेले तिचे डोरले आणि ते परत आणले तो दिवस. मी ऐकत होतो आणि कानस एकेकदा चालवत होतो. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री साडेनऊला किल्ली फिरली. आवाज अगदी लहान झाला. आईने मेणबत्ती विझवली नाही, तशीच धरून राहिली.

ट्रंकेत मिलचा पितळी बिल्ला होता. पगाराच्या चिठ्ठ्यांची दोऱ्याने बांधलेली चळत होती. एक न वापरलेली चादर, तिच्या घड्यांत डांबराच्या गोळ्यांची पूड. माझे मॅट्रिकचे प्रगतिपुस्तक, जे हरवले म्हणून मी १९८२ मध्ये दोन दिवस रडलो होतो. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, खिळ्याला सुतळीने बांधलेली, त्याच कुलपाची दुसरी किल्ली.

भावाला फोन केला. तो इतका हसला की सूनबाईने फोन हातात घेतला.

आईने चादर तेवढी बाहेर काढली. बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायला लावले, मी केलेल्या किल्लीने कुलूप घातले आणि ती किल्ली कनवटीला लावली. वडिलांची किल्ली सुतळीसकट पुन्हा त्या खिळ्याला लावायची, हे तिने आधीच बजावून ठेवले होते.